इस्पितळाचा राखणदार

वडिलांना हर्निया होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता लांबवलंत तर आतडं अडकेल आणि जिवावर बेतेल. वडील गव्हाणहून पनवेलच्या इस्पितळात येऊन खाटेवर निजलेही. पण ऑपरेशन उद्यावर आलं तसे ते उठून बसले आणि म्हणाले, "कौल घेतल्याबिगर मी कापून घेनार नाय."

आमच्याकडे घराचा पाया खणायचा असला तरी त्या जागेच्या राखणदार देवाला विचारतात. देवाच्या छातीवर दोन बाजूंना ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. देवाच्या उजव्या हाताचं फूल पडलं तर हो, डाव्या हाताचं पडलं तर नाही. मी म्हटलं, आई गावी जाऊन कौल घेऊन येईल. वडील म्हणाले, "गावचा देव गावचं बघल. ही हद्द दुसऱ्याची."

"मंग हितला राखनदार कोन?" आईने विचारलं, आणि खिडकीबाहेर बघितलं.

बाहेर आवारात इंग्रजांच्या एका राजाचा जुना ब्राँझचा पुतळा होता. हिरवट पडलेला, डोक्यावर मुकुट, अंगात पायघोळ झगा. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो, त्यात इतिहास घेतलेला, आणि कॉलेजात गेलेला घरातला पहिलाच. म्हणून जरा भीतभीतच सांगून पाहिलं, "आये, तो देव नाही. आपल्यावर राज्य करणारा इंग्रज होता तो."

"राज्य केलान ना? मंग हद्द त्याचीच."

वडील तोवर खाटेवरून उतरलेही होते; आम्ही तिघं आवारात गेलो.

चौथरा उंच, त्यामुळे वर मलाच चढावं लागलं. आईने कुंपणाजवळच्या तगरीची दोन फुलं ओली करून हातात दिली. राजाची छाती उन्हाने तापली होती. मी फुलं चिकटवली. खाली वडील पोट दाबून धरत म्हणाले, "राजा, तुज्या हद्दीत माजं पोट फाडतायत. मी उठंन का नाय ते सांग."

फुलं हलली नाहीत. वडिलांनी पुन्हा विचारलं. तोवर वॉर्डातली आयाबाई आली, पायाला प्लॅस्टर घातलेले एक काका कुबड्या टेकत आले, भेटीला आलेली माणसं जमली.

"गोरा साहेब आहे तो," काका म्हणाले. "मराठीत विचारून कसं चालेल?"

"पोरगा कॉलेजात जातो ना?" आयाबाई म्हणाली. "मग त्याला विचारू दे इंग्लिशमधे."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. कॉलेजात मी काय करतो हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. "इचार, बाला," ते म्हणाले.

माझं इंग्रजी गाईडवर पास झालेलं. खात्रीचं असं एकच वाक्य येत होतं, तेच आधी बाहेर पडलं.

"मे आय कम इन, सर?"

खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. बरोबरच चाललंय असं त्यांना वाटलं असावं. मला धीर आला. "माय फादर... टुमारो ऑपरेशन, सर. यस ऑर नो?"

फूल पडलं.

"डावं!" आई ओरडली आणि मटकन खाली बसली.

"अहो, तुमचं डावं ते त्याचं उजवं," काका म्हणाले.

"देवाचं तसं असतं. राजाचं काय माहीत?" आयाबाई म्हणाली.

"गप ऱ्हावा सगली!" वडील म्हणाले. "बोलनी कोनी केली? त्यालाच इचारा."

सगळ्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात शेवटचा शब्द माझ्यावर सोडण्याची ही पहिलीच वेळ. देवाला धरतात तेच राजालाही धरावं, असं मला मनापासून वाटलं.

"उजवं," मी म्हणालो. "राजा हो म्हणतोय."

"झालं तर मंग," वडील म्हणाले, आणि आम्ही हात पुढे करायच्या आत वॉर्डाकडे चालूही लागले.

सकाळी त्यांना स्ट्रेचरवरून नेताना ते ढकलणाऱ्या माणसाला सांगत होते, "भिऊ नको. माज्या पोरानं वर बोलून ठेवलंय."

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं आणि लगेच विचारलं, "राजाला थँक्यू बोललास?"

मी बाहेर गेलो. आवारात कोणी नाही असं बघून हळूच म्हणालो, "थँक्यू, सर."

मागून आयाबाईचा आवाज आला, "जरा मोठ्याने बोल रे. उंच आहे तो."