तीनशे चाळीसपैकी दोनशे एक्याण्णव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आणि माझ्यासारख्या माणसानं एखादी गोष्ट चौदा वर्षं पोटात ठेवायची म्हणजे — अहो, माझ्या बायकोला विचारा, शेजाऱ्यांना विचारा! माझ्या पोटात आज काय भाजी केली हेसुद्धा राहत नाही. लग्नात अख्खी पंगत हसवतो. मयताला गेलो तर ओळखीचे लोक मला हाताला धरून जरा लांब उभं करतात. पण ही एक गोष्ट दर वेळी ओठांपर्यंत यायची आणि मी घाईघाईनं दुसरीच सांगून मोकळा व्हायचो. आज तीच सांगतो. जरा जवळ सरका.

सुरुवात मजेशीर आहे. शेवट नाही. पण सुरुवातीला खुशाल हसून घ्या, मीही हसलो होतो.

मी आर्किटेक्ट. कोल्हापुरातच शिकलो, काही वर्षं एका ऑफिसात लोकांच्या बंगल्यांचे जिने काढले, आणि चौदा वर्षांपूर्वी, एकोणतिसाव्या वर्षी, डोक्यात घेतलं की अमेरिकेत जाऊन मास्टर्स करायचं. त्यासाठी तेव्हा जीआरई नावाची परीक्षा द्यावी लागे. थोडं गणित, थोडे निबंध, आणि बाकी असे इंग्रजी शब्द, जे खुद्द इंग्रजांनीही जन्मात वापरले नसतील. आता मला सांगा, जिना कुठं वळवावा याचा त्या शब्दांशी काय संबंध? हे मी तेव्हाही सगळ्यांना विचारत होतो. तरी पुण्याला गेलो, सबंध दिवस संगणकासमोर घाम गाळला, शेवटचं बटण दाबलं आणि पडद्यावर आकडा आला. दोनशे एक्याण्णव.

बाहेर आलो तर सुन्याचा फोन. सुन्या म्हणजे माझा तालमीतला मित्र, घरी बारा म्हशी, बोलणं असं की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो.

"किती पडलं?"

"दोनशे एक्याण्णव."

"कितीतनं?"

"तीनशे चाळीस."

पलीकडं सुन्या हिशेब करत होता. आणि मग — "आयला! पंच्याऐंशी टक्के की रं! ते बी अमेरिकेच्या पेपरात! नाद न्हाय करायचा आपल्या पेठंचा!"

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो तर चौकात बॅनर. काय बॅनर होता तो! डावीकडं वाघ, उजवीकडं विमान, मधे उसना गॉगल घातलेला मी. वर आमची कोल्हापुरी शाबासकी, 'विषय हार्ड', खाली माझ्या चेहऱ्यापेक्षा मोठा आकडा — ३४० पैकी २९१. तळाला शुभेच्छुकांचे फोटो, आणि त्या रांगेत सुन्याच्या दोन म्हशीसुद्धा! लोक थांबून वाचत होते. माझे शाळेतले मास्तर सायकलवरून उतरले आणि त्यांनी माझी पाठ थोपटली.

आता गंमत ऐका. त्या परीक्षेचे गुण शून्यापासून सुरू होत नाहीत. दोनशे साठपासून सुरू होतात. सगळी उत्तरं चुकवलीत तरी तुमचे दोनशे साठ कुठं जात नाहीत. म्हणजे मी मिळवलेले खरे किती? ऐंशीपैकी एकतीस. चाळीस टक्केही नाहीत, काठावर नापास! हे मला ठाऊक होतं. फोनवर ठाऊक होतं, चौकात ठाऊक होतं, मास्तरांचा हात पाठीवर पडला तेव्हाही. मी बोललो नाही. बोलायला किती लागलं असतं हो? एक वाक्य!

हाच तो अपराध, असं तुम्हाला वाटत असेल. तेवढाच असता तर मी तो पंगतीत सांगून कधीच टाळ्या घेतल्या असत्या.

मला प्रवेश मिळाला. का मिळाला, तर माझ्या पोर्टफोलिओमुळं. म्हणजे आपल्या निवडक कामाच्या चित्रांची वही. बंगल्यांचे जिने काय पाठवायचे, म्हणून मी सुन्याचा दूधकट्टा काढला होता. सकाळी म्हशी चौकात येऊन उभ्या राहतात, गिऱ्हाईक पेला घेऊन थांबतं, समोर धार काढून फेसाळ दूध तिथंच प्यायचं — हे बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. मी महिनाभर पहाटे उठून प्रत्येक म्हैस नेमकी कुठं उभी राहते ते मोजलं. ऊन सरकतं तशा म्हशी सरकतात, म्हशींच्या मागं माणसं सरकतात. एक वीट नाही, छप्पर नाही, तरी रोज दोन वेळा तिथं एक इमारत उभी राहते आणि मोडते! अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात तिथल्या बाई प्राध्यापकांनी मला वर्गात गाठलं. "तूच ना तो म्हशींवाला?" आणि सांगितलं की निवडीच्या दिवशी सगळ्यांच्या वह्या टेबलावर मांडतात आणि आधी त्याच बघतात. माझी वही हातोहात फिरली होती. मी घाबरत विचारलं, आणि माझे गुण? त्या जरा आठवू लागल्या. म्हणाल्या, कुणीतरी पाहिले असतील.

कुणीतरी पाहिले असतील! हे शब्द त्या बाईंनी सहज टाकले. मी ते घेऊन परत आलो आणि कोल्हापुरात कुणालाही दिले नाहीत.

कारण इथं मी झालो होतो अमेरिकेची परीक्षा गाजवलेला माणूस. कॉलेजात शिकवायला बोलावलं. शनिवारी माझ्या ऑफिसात पोरांची रांग लागू लागली — सर, बाहेर जायचंय, कसं करू? आणि मी काय सांगत होतो? स्कोअर! आधी स्कोअर आणा, चित्रांचं नंतर बघू. टेबलावर मूठ आपटून सांगायचो, फार रंगायचं ते. माझा आकडा कुणी विचारला की मी गालात हसायचो आणि म्हणायचो, चौकात बॅनर लागला होता, एवढंच सांगतो.

सहा वर्षांपूर्वी शिवलीला आली. शिरोळकडची, माझीच विद्यार्थिनी, बोलायला जेमतेम. बरोबर वडील, पायात चिखल वाळलेल्या चपला, ट्रॅक्टर खाली लावून आलेले. तिनं वही टेबलावर ठेवली आणि हळूच आकडा सांगितला. दोनशे शहाण्णव.

वडील म्हणाले, "सर, मला ह्यातलं काय बी कळत न्हाय. पोरगीची लई इच्छा हाय. तिची अव्वा म्हणत्या, सरांस्नी इचारा. तुम्ही म्हणशीला तसं." अव्वा म्हणजे तिची आई, त्यांच्याकडं आईला तसंच म्हणतात.

मी म्हटलं, वही राहू द्या, पुढच्या शनिवारी सांगतो. अर्ज पाठवायला अजून तीन आठवडे होते.

रविवारी सकाळी चहा घेऊन ती वही उघडली. आणि — काय सांगू तुम्हाला! चहा तसाच राहिला. तिनं आपलं घर काढलं होतं. एकच घर, मधोमध कापून आतलं दाखवलेलं, बारा पानांवर बारा वेळा. पहिल्या पानावर साधा दिवस: कोंबड्या दारात, कॉट खाली, तांदळाची कणगी कोपऱ्यात. दुसऱ्या पानावर कोंबड्या माळ्यावर. तिसऱ्यावर कॉटच्या पायांखाली विटा. मग कणगी वर गेली. मग देव वर गेले. सहाव्या पानावर गॅसची टाकी तुळईला बांधलेली, वाहून जाऊ नये म्हणून. गोठ्यातली दावी सुटलेली. भिंतीवर आजोबांनी खिळ्यानं ओढलेल्या जुन्या पुरांच्या रेघा. प्रत्येक पानावर घर तेच आणि सगळा संसार वीतभर वर! आणि शेवटी कौलांवर बसलेलं एक मांजर.

पाणी? पाणी तिनं कुठंच काढलं नव्हतं! एक रेघसुद्धा नाही. काय काय वर गेलंय यावरून तुम्हाला ते दिसत होतं. मी खुर्चीतून उठलो, खोलीभर फिरलो, पुन्हा बसून पहिल्यापासून बघितलं. बायकोला हाक मारणार होतो, हे बघ म्हणून. अमेरिकेतल्या त्या निवडीच्या टेबलावर ही वही पोचली तर काय होईल, हे कोल्हापुरात एकट्या मला माहीत होतं.

शनिवारी मी काय सांगितलं असेल?

मी सांगितलं, शिवलीला, स्कोअर कमी आहे. दोनशे शहाण्णवला ते पाकीटसुद्धा उघडत नाहीत. चित्रं बरी आहेत. बरी! हा शब्द मी वापरला. तिनं मान हलवली. वडिलांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "बरं झालं सर, तुम्ही सांगिटलासा. न्हायतर उगंच आशेवर राहिली असती." जाताना जिन्यात ती एकदा थांबली, तिची पावलं थांबलेली मला ऐकू आली. मग पुन्हा सुरू झाली.

का केलं मी असं? बरीच वर्षं मी स्वतःला एक कारण सांगितलं. तिला दोनशे शहाण्णववर प्रवेश मिळाला असता, तर कुणीतरी विचारलं असतंच, सर, तुमचे किती होते? मग वाघ, विमान, गॉगल, सगळंच हास्यास्पद झालं असतं. हे कारण खरंच आहे. पण त्याच्या खाली आणखी एक आहे, आणि ते लिहिताना हात जरा आखडतोय. त्या रविवारी मी आनंदानं खोलीभर फिरलो ना — तिसऱ्या फेरीत मला कळलं की ही मुलगी माझ्यापेक्षा चांगलं काढते. थोडंथोडकं नाही, खूप. माझ्या म्हशी तिच्या मांजरापुढं काहीच नव्हत्या. मग वही मिटली.

गेल्या महिन्यात कागलच्या एमआयडीसीत एका नव्या कारखान्याच्या उद्घाटनाला गेलो होतो. शेडचं काम शिवलीलानं केलेलं, ती आता तिथल्याच एका फर्ममध्ये असते. मालक मला हौसेनं दाखवत होते. विजेची सगळी पॅनलं पुरुषभर उंचीच्या कट्ट्यावर, वर जायला छोटा जिना. "बघा की सर! हितं कुठलं पाणी येतंय? पण म्याडमनी हट्टानं वर घ्याय लावलं." सगळे हसले. मीही हसलो. मला एकट्यालाच माहीत होतं मी काय बघतोय. तेरावं पान बघत होतो.

मग ती आली. आधीसारखी गप्प नाही राहिली, छान बोलते. म्हणाली, "सर, माझ्या मैत्रिणींना सगळ्यांनी गोड गोड सांगितलं, त्या अजून फॉर्म भरत बसल्यात. तुम्ही एकटेच माझ्याशी खरं बोललात." आणि पुढं — "आमच्याकडं एक नवीन मुलगी आहे, बाहेर जायचं म्हणते. तिला तुमच्याकडंच पाठवते."

तोंड उघडायला याहून चांगली वेळ कुठली मिळणार होती? मी तोंड उघडलंही. आणि म्हणालो, "पाठव."

परत येताना सुन्याच्या गोठ्यावर थांबलो. तो बॅनर अजून आहे, गोठ्याच्या पश्चिमेला ऊन अडवायला बांधलाय, चित्र आतल्या बाजूला. इतक्या वर्षांत माझा चेहरा गेलाय. गॉगल राहिलाय, आणि आकडा. म्हशी समोर उभ्या राहून रवंथ करत होत्या. सुन्या म्हणाला, "फिक्का पडलाय व्हय? नवीन करूया की!"

आता तर कित्येक विद्यापीठं ती परीक्षा मागतही नाहीत. शिवलीलाच्या वर्षी मागत होती, पण आधी वह्याच बघत होती, आणि ते मला माहीत होतं. ती नवीन मुलगी येत्या शनिवारी येणार आहे. मी तिची वही आधी उघडेन आणि आकडा विचारणार नाही. त्यानं सहा वर्षांपूर्वीचा शनिवार बदलत नाही. हे छापून आलं की शिवलीला वाचेल. त्याआधी फोन करून आपण होऊन सांगावं, असं सात-आठ वेळा मनात आलं, नंबर काढलाही. लावला नाही. तेही इथं लिहून ठेवतो.

तिचे दोनशे शहाण्णव होते. माझ्यापेक्षा पाच जास्त.