आईचा खांदा आणि बाबांची फणी

आई आमच्या चेरीतालच्या घराच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि तिचा उजवा दंड खांद्यापाशी मोडला. डॉक्टरांनी आत प्लेट बसवून स्क्रूंनी हाड जोडलं आणि घरी सोडताना बजावलं, "हड्डी जुड़ जाएगी, पर हाथ चलाते रहिए, नहीं तो कंधा जाम हो जाएगा."

आमच्याकडे हे ऐकतो कोण! ओळखीच्या झाडून साऱ्या मराठी घरांतून डिंकाचे लाडू आले आणि लाडू आणणाऱ्या प्रत्येकीनं आईला दम भरला, की हात जरासुद्धा हलवायचा नाही. बाबा तर सगळ्यांच्या वरताण. पाण्याचा पेला तेच देणार, घास तेच भरवणार. वेणीसुद्धा तेच घालणार! जन्मात स्वतःचा भांग सरळ न पाडलेला माणूस रोज सकाळी फणी घेऊन तिच्या मागे बसायचा. वेणी दोरखंडासारखी व्हायची, तरी आई आरशात बघून लाजायची. मला त्या दोघांचं फार कौतुक वाटायचं.

पुढच्या तपासणीत एक्स-रे छान निघाला, पण हात काही खांद्याच्या वर जाईना. व्यायाम शिकवणाऱ्या दीदींनी विचारलं, "आंटीजी, बाल कौन बनाता है?" आईनं मोठ्या अभिमानानं बाबांकडे बोट दाखवलं. दीदींनी कपाळाला हात लावला. "अंकलजी, यही तो इनकी कसरत थी! अब भी नहीं किया तो हाथ ऐसा ही रह जाएगा."

घरी आल्यावर मी तोंड सोडलंच. "लाडानं तिचा हात लुळा करून राहिले तुम्ही!"

दुसऱ्या दिवशी बाबांनी फणी आईच्या हातात दिली. हात कानापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. तिचे डोळे भरून आले. "अहो, तुम्हीच करा न." बाबांचा हात पुढे झाला, पण त्यांनी तो मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. "नाही करत मी," म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली.

मग रोज तेच. ती कण्हायची, ते भिंतीकडे बघायचे. शेवटी एका सकाळी फणी टाळूवर पोचली. भांग वाकडा पडला, पण वेणी तिची तिनं घातली.

बाबा हसले, पण चेहरा पडलेलाच. "चलो, आपली नोकरी गेली."

आईनं घातलेली वेणी सोडली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली. "काहून? तेल का मी लावू?"