माहेरचं कांद्याचं बी

त्या दिवशी वाफ्यापाशी आमी सहा जन होतो. मी, माही सात वर्साची पोरगी, माहा सासरा, थोरला दीर, त्याची बायको मंजे माही जाऊ, अन् माहा भाऊ. भाऊ माह्याहून मोठा, एकुलता एक. नावं सांगत नाही, कोनाचं नाव खराब कराले मी बसली नाही. मी अन् पोरगी सोडली तं त्यातलं आता कोनी राह्यलं बी नाही.

मले अक्षर वळखू येते, पन लिवता येत नाही. मी सांगते अन् नात लिवून राह्यली. मधातच हसते, ते तिनं लिवू नये.

आमी माळी. मंगरूळपीरपासून दोन कोसावर आमचा मळा. वांगी, मिरची, कांदा, मेथी, सांबार मंजे कोथिंबीर, सारं टोपल्यात घालून डोक्यावर बाजाराले न्याचं. विहिरीवर एक मोट, तिच्या पान्यात माहा नवरा अन् दीर, दोघा भावाइचा मळा. माहा नवरा तापानं गेला तवा पोरगी पाच वर्साची होती. दोन वर्स मी सासऱ्याच्या घरी भाकरी थापल्या, अन् नवऱ्याच्या वाट्याचा तुकडा पडून राह्यला. दिराले म्हनून पाह्यलं, पन त्याले त्याचंच आवरत नव्हतं.

मंग एक दिवस मीच सासऱ्यापुढं गेली. डोक्यावर पदर घेतला अन् म्हनलं, मामाजी, तो तुकडा मले करू द्या.

सासरा वाईट मानूस नव्हता. बाईच्या हातानं मळा उभा राहात नाही, एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं होतं. लय येळ तो सुपारी कातरत बसला. मंग म्हने, "एक हंगाम पाह्यतो. कांदा उभा केला तं तुकडा तुह्या पोरीच्या नावानं समजीन. नाही झाला तं भावाकडं जा बापा, मंग माह्या दारात रडत येऊ नको."

झालं. तेवढ्या एका हंगामावर माहं अन् पोरीचं सारं होतं.

वाफे मी पाडले. पान्याचा दांड काढला. शेनखत डोक्यावर नेऊन टाकलं. पन कांद्याचं बी नव्हतं. बियासाठी आदल्या साली कांदे राखून लावा लागतात, त्याइले फुलाचे गोंडे येऊ द्या लागतात. नवरा गेल्यापासून ते कोनी केलंच नव्हतं. जावेजवळ होतं बी, राखेत घालून गाडग्यात ठेवलेलं. पन तिच्यापुढं हात पसरायाचं मले जिवावर येत होतं. ती बोलाची लय टोचून.

तेवढ्यात दिवाळी आली, भाऊबीज आली. भाऊ आला.

रांडव बाईनं ओवाळू नये म्हनत. म्हून मी ताट पोरीच्या हातात देल्लं अन् तिच्या मांगं उभी राह्यली. भावानं पोरीकडं पाह्यलंच नाही, तिच्या डोक्यावरून माह्याकडं पाह्यलं अन् म्हने, ताट माह्या बहिनीचंच हाय, धरलं कोनी का असंना. माह्या डोयाले पानी आलं. मंग त्यानं धोतराच्या सोग्यातून एक पुडकं काढलं अन् ताटात टाकलं. कांद्याचं बी होतं, चांगलं शेरभर.

"ओवाळनीत पैसा नाही टाकत, बाई," तो म्हने. "मळा टाकतो."

सासरा बी खूश झाला. दीर म्हने, असा भाऊ पाह्यजे.

आता आमच्यातली रीत सांगा लागते, नाही तं पुढचं समजनार नाही. बाजारातून बी आनलं तं पहिले पारखाचं. ओल्या फडक्यात दहा दाने बांधाचे, चार-सहा दिवसानं पाहाचं, किती मोडले, मंजे कितीले मोड आले ते. पन माहेरचं बी पारखत नाहीत. ते तसंच मातीत जाते. पारखलं मंजे भावाले चोर म्हनल्यासारखं. मायनं कधी पारखलं नव्हतं, आजीनंही नाही.

संध्याकाळी पुडकं ठेवाले गेली तं मी ते सोडून पाह्यलं. कांद्याचं बी नवं असलं तं काळं कुळकुळीत असते, चमकते. हे काळंच होतं, पन लिवाच्या पाटीवर फडकं फिरवल्यासारखं, भुरकं. मी एक दाना दाताखाली धरला. नव्या दान्याले चव राह्यते, उग्र, जिभेच्या शेंड्याले चावते. याले कायबी नव्हतं. चुलीतली राख चाटल्यासारखं.

मी तो दाना थुकला अन् इकडं तिकडं पाह्यलं, कोनी पाह्यलं तं नाही ना म्हून. मले माहीच लाज वाटली. भाऊ पडवीत बसून माह्या पोरीले मांडीवर घेऊन फराळ चारत होता, अन् मी इथं त्याचं बी चाऊन पाहून राह्यली. मी पदरानं तोंड पुसलं. पुडक्याले गाठ मारली. माह्या जिभेनं मले नीट सांगतलं होतं, मी तिले चूप बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोपासाठी बी टाकाचं होतं. तवाच आमी सहा जन वाफ्यापाशी होतो. माहेरच्या मानसानं पहिली मूठ टाकावी, हेही रीतच. भावानं पायातल्या वाहना काढल्या, वाफ्याले हात लावून पाया पडला, अन् पहिली मूठ त्यानंच टाकली. बोटं कशी फिरत होती त्याची. त्याच्यासारखं रोप टाकनारा त्या भागात नव्हता.

जाऊ बांधावर बसून होती. ती म्हने, "काय वं, पाह्यलं का बी?"

मी म्हनलं, माहेरचं हाय.

"माहेरचं हाय तं उगवनच मंग. नाही उगवलं तं तुलेच भाऊ उपटून घेऊन जाईन." अन् हसली. भाऊही हसला. सारेच हसले, मी बी.

वरतून बारीक खत टाकलं, गवत हातरलं, झारीनं पानी देल्लं. दुपारी जेवून भाऊ गेला. पोरीच्या हातावर गुळाचा खडा ठेवून गेला.

कांदा आठव्या दिवशी मातीतून डोकं काढते, वाकलेलं, सुईच्या नेढ्यासारखं. मी पाचव्या दिवशीच गवत बाजूले करून पाह्यलं. मंग रोज. आठ झाले, दहा झाले. हरळी आली, घोळ आला, कांदा नाही आला. सासरा बांधावरून जाये, थांबे, वाफ्याकडं पाहून पुढं जाये. ते पाहनं मले लय जड जाये. अकराव्या दिवशी मी नखानं माती उकरून दाना काढला. फुगला होता. दाबला तं आतून चिखल निंघाला.

मले वाटलं, माहंच चुकलं. पानी जास्त झालं असंन, माती जास्त पडली असंन. भावाले दोष द्याचं मनातही नाही आलं. खोटं कायले सांगू, आलं होतं, पन मी येऊ देल्लं नाही.

बाराव्या दिवशी पोरीले जावेपाशी ठेवलं अन् माहेरी निंघाली. चार कोस. म्हनलं, भावाले सांगू, आनखीन मूठभर बी आनू, अजून येळ गेली नाही.

माहेरच्या मळ्यात शिरली तं पहिले भावाचं रोप दिसलं. बोटभर झालं होतं, दाट, हिरवंगार. मी उभी राहून पाह्यतच राह्यली. त्याच्या अन् माह्या रोपात दोन-चार दिवसाचंच अंतर. बी एकाच घरचं.

वहिनी घरी होती. तिले दिवस गेले होते, पाचव्यांदा, अन् पाय सुजले होते. ती साधी बाई होती, तिच्या पोटात काही राहात नव्हतं. मले पाहून तिले हरीख झाला.

"आल्या का, बाई?" ती म्हने. "पोरगी कुठं हाय? बरं झालं लवकर आल्या. तुमची खोली मी दिवाळीच्या आंधीच सारवून ठेवली."

मी म्हनलं, कोनती खोली.

तिनं गोठ्याजवळची खोली दाखवली. सारवली होती. कोपऱ्यात चूल मांडली होती, नवी, एका बाईपुरती. भिंतीले खुरपं टांगलं होतं, त्याले नवी मूठ बसवली होती, लहान, बाईच्या हाताच्या मापाची. माह्या हाताच्या. वहिनी बोलतच होती, का आता माह्यानं वाकवत नाही, निंदाले बाई मिळत नाही, तुमचे भाऊ म्हनले का या हंगामापासून बहीनच येते.

दिवाळीच्या आंधी. मंजे त्यानं ताटात पुडकं टाकलं तवा ही खोली सारवून वाळली होती.

भाऊ मोटेवरून आला. मले अन् त्या खोलीच्या दाराले एकाच नजरेत पाह्यलं, अन् त्याले समजलं. तो काही लाजला नाही. बाजेवर बसला, पानी पेला.

मी इचारलं, "दादा, बी कोन्या सालचं होतं?"

तो म्हने, "परस्याचं, दोन वर्सामांगचं."

"तुले माहीत होतं?"

"माळ्याले माहीत नसंन का?"

मंग तो समजावू लागला. आवाज चढवला नाही, उलट लहानपनी बोले तसंच बोलला. सासऱ्याच्या दारात तुले कोन हाय, दीर आज बरा हाय उद्या राहीन का, एकटी बाई बाजारात टोपलं घेऊन बसते ते मले पाहावत नाही. इथं ये, तुह्या हाताले गुन हाय, हा मळा तूच पाह्य. पोरीचं लगन मी करीन. त्याले खरंच असं वाटत होतं का चार-पाच लेकराच्या घरात फुकटचे दोन हात पाह्यजे होते, ते मी लय वर्स इचार केला. दोन्हीही असंन. पन मले इचारलं असतं तं. सरळ म्हनला असता का ये, तं मी कदाचित आली बी असती.

मी म्हनलं, या सालचं बी दे.

तो म्हने, "इथं लाव, पाह्यजे तेवढं लाव. तिकडं न्याले देनार नाही."

वहिनी रडू लागली. मी रडली नाही. पानी बी न पेता निंघाली. चार कोस चालत येतानी मले भावाचा राग कमी अन् माहा जास्त येत होता. मले समजलं नसतं तं गोष्ट येगळी होती. मले भाऊबीजेच्या संध्याकाळीच समजलं होतं. दाना माह्या तोंडात होता.

घरी आली अन् सरळ जावेपुढं हात पसरला. तिनं मले बोलून घेतलं, सोडलं नाही. म्हने, माहेरचा मळा ताटात आला होता ना, आता जावेचं गाडगं आठवलं का. मी आयकून घेतलं. मंग ती उठली, गाडगं आनलं, राख झटकून दोन मुठी बी माह्या पदरात टाकलं. मी पदर आवळला.

"पहिले पारखून घे," ती म्हने. "माह्या तोंडाकडं पाहून मातीत घालू नको."

मी तिच्यासमोरच एक दाना दाताखाली धरला. जीभ चावली. माह्या डोयातून पानी आलं ते त्याचंच होतं, असं मी तिले सांगतलं. तरी दहा दाने ओल्या फडक्यात बांधून कमरेले खोचले. सहाव्या दिवशी सोडून पाह्यले तं नऊ मोडले होते.

रोप उशिरा पडलं, लागवड उशिरा झाली, उन्हानं गाठलं. कांदे लहान राह्यले, लिंबाएवढे, काही सुपारीएवढे. पन वाफे भरून उभे राह्यले. सासऱ्यानं एक उपटला, मुठीनं फोडला, भाकरीसंग खाल्ला. म्हने, तिखट हाय. मंग दोन दिवसानं त्यानं तुकड्याच्या मधात मातीचा धुरा घातला. अर्धा माह्या पोरीचा, अर्धा दिराचा. बोलला होता पूर्‍याचं, देल्ला अर्धा. कांदा अर्धाच झाला, तो म्हने. मी भांडली नाही. त्या अर्ध्यावर पोरगी मोठी केली, तिचं लगन केलं.

पुढच्या भाऊबीजेले भाऊ आला. मले वाटलं नव्हतं येईन म्हून. पोरीनं ओवाळलं. त्यानं पुन्हा पुडकं टाकलं. मी ते तिथंच सोडलं, दहा दाने काढले, त्याच्यासमोर ओल्या फडक्यात बांधले. तो पाह्यत होता.

"माह्या बियाले पारखतं?" तो म्हने.

मी म्हनलं, "हो."

तो उठून गेला नाही. खाली मान घालून जेवला. दाने मोडले, दहाचे दहा. त्या सालचं बी चांगलं होतं. तरी मी ते लावलं नाही, जावेचंच मागून लावलं. ते बरोबर केलं का, ते मले आजही समजत नाही. तो जिता होता तवर दर साली येत राह्यला, मी त्याले पुरनाची पोळी वाढत राह्यली, अन् बियाचं आमी दोघंबी परत बोललो नाही.

माह्या घरी आजही कांद्याचं बी राह्यते, गाडग्यातल्या राखेत. कोनीबी मागाले येते, मी कोनाले नाही म्हनत नाही. हे वाचनाऱ्यापैकी कोनी आलं तं त्याले बी देईन. माहं एवढं आयका: नेल्यावर एक दाना दाताखाली धरून पाहा, दहा दाने ओल्या फडक्यात बांधा, अन् मंगच मातीत घाला. मले त्याचं वाईट वाटनार नाही.