कपाटामागची धूळ

माझ्या धाकट्या बहिणीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. सहाच्या ठोक्याला ती डोळ्यांच्या दवाखान्याचं कुलूप काढायची. एकोणीस वर्षं. मी गवंडी, कामाची पारख मला आहे. तिने पुसलेल्या फरशीवरून मी बोट फिरवून पाहिलंय.

तिच्या पोरीचं बुबुळ पातळ होऊन पुढे टोकदार होत चाललं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ते आहे तिथेच थांबवायचा उपाय ठरवला. बुबुळावरची नाजूक साल काढायची, पिवळे थेंब घालायचे आणि अर्धा तास निळा उजेड द्यायचा. तेही ऑपरेशन थिएटरमध्ये नाही, शेजारच्या छोट्या खोलीत.

"हे चालतं कसं गं?" मी विचारलं.

"दादा, डोळ्याच्या आत शिरतच नाहीत. हत्यारं वाफेतून काढलेली, थेंबांची बाटली नवी, हात धुतलेले. राहिली खोली. ती माझ्याकडे."

"ती स्वच्छ झाली, हे कशावरून कळतं?"

तिने मला दारात उभं केलं, दिवा घालवला आणि बॅटरी पेटवली. झोतात एक कण हलत नव्हता. त्या खोलीत झाडू नाही, पंखा नाही. फक्त ओलं फडकं, तेही तासभर आधी. मग उडालेली धूळ बसेपर्यंत दार बंद.

पोरीचा नंबर लागला त्या दिवशी मी बाहेर बाकावर होतो. बाई पोरीला आत नेणार, तोच बहीण दारात आडवी उभी राहिली.

"बाई, थांबा. मी आत्ताच कपाट ओढून मागचं पुसलं."

"आत्ता? तासाचा नियम तूच सगळ्यांना ऐकवतेस ना?"

"राहवलं नाही. बॅटरी मारली तर धूळ नाचतेय."

"आज हुकलं तर पुढची तारीख तीन आठवड्यांनी. बुबुळ तोवर थांबेल?"

"माहीत आहे. पण या धुळीत साल काढू नका."

पोरगी म्हणाली, "आई, एकोणीस वर्षांत कपाट तुला आजच दिसलं?"

बाकावरचे सगळे हसले. बहीण हसली नाही. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि तपासणीचे पेशंट आधी घेतले.

तासाभराने बहिणीने बॅटरी माझ्या हातात दिली. "तू बघ. माझे डोळे आज खरं सांगायचे नाहीत."

मी दारातूनच झोत टाकला. कोपरे पाहिले, कपाटाची बाजू दोनदा पाहिली. काही नाही. तसं सांगितलं, आणि बाई पोरीला आत घेऊन गेल्या.

पाचव्या दिवशी साल भरून आली. डोळा लाल नव्हता. वर्षभराने मोजलं, तर बुबुळ होतं तिथेच थांबलेलं.

बहिणीने तीन वर्षं पगारातून बाजूला टाकलेलं सगळं त्या खोलीतल्या अर्ध्या तासात गेलं. पोरगी आता चष्मा लावून तक्त्यावरची खालून दुसरी ओळ वाचते.