सहा फूट पुढे, सहा फूट मागे

“साहब मीटिंग में हैं.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, त्याची गणतीच नाही. साहेब जेवत असोत, झोपलेले असोत, नाहीतर सासुरवाडीला गेलेले असोत, गाडीला टेकून उभ्या असलेल्या या माणसाला कोणी काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं. एकदा मी लांबूनच हाक मारली, “काका, चहा घेणार का?” तर गडबडीत म्हणाले, “साहब मीटिंग में...” आणि मग स्वतःच ओशाळले. चहा मात्र घेतला.

मी कोठीवर, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीच्या आवारात, टिनाच्या शेडखाली बसून लोकांची शपथपत्रं करून देते. नोटरी म्हटलं की लोकांना काळा कोट आणि मोठी खोली आठवते. माझ्याकडे कोट आहे, खोली नाही. शेडसमोरच्या कडुनिंबाखाली सरकारी गाड्या लागायच्या आणि तिथेच या काकांची चाळीस वर्षं गेली. असे ड्रायव्हर तुम्हीही पाहिले असतील. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खांद्यावर पिवळं फडकं, आणि गाडीवर एवढीशी धूळ बसली की जीव वरखाली.

या हिंदी मुलखात दोघांच्याही घरची भाषा मराठी, म्हणून आमचं जमलं. मी त्यांना काका म्हणायची, ते मला वकीलबाई. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेत घोड्यांना खरारा करायचे. आजोबा बग्गी हाकायचे. वडील एका गिरणीवाल्या शेठची मोटार चालवायचे. काका सरकारी खात्यात लागले तेव्हा घरात केवढा आनंद झाला होता, हे त्यांनी मला निदान दहादा तरी सांगितलं असेल.

“चार पिढ्या गाडीवर गेल्या, वकीलबाई,” ते म्हणायचे. “पण अंगणात आपली म्हणून सायकलच.”

हे ते हसत सांगायचे. मीही हसायची. त्यात हसण्यासारखं काही नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

रिटायर झाल्यावर दोनेक महिन्यांनी ते माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात. म्हणाले, “एक गाडी घेतली.”

“अरे वा! कोणती?”

“अँबॅसिडर. साठ-बासष्टची असेल. देवास गेटच्या मागे तो कबाडी आहे ना, त्याच्याकडून. लोखंडाच्या भावात तोलून दिली.”

“कागद?”

“तेच तर विचारायला आलो.”

मी तिथेच त्यांना झापलं. चाळीस वर्षं गाडीवर काढलेल्या माणसाने बिनकागदाची गाडी घ्यावी? ना आरसी, ना नंबर प्लेट, कबाड्याला ती कोणी विकली तेही माहीत नाही. उद्या ती चोरीची निघाली तर ठाण्यात कोण जाणार? त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाले, “तो दुसऱ्या दिवशी कापणार होता हो तिला.”

मग कामाला लागणं आलंच. मी त्यांना सांगितलं की आधी गाडीचा चेसिस नंबर काढा, मग आरटीओच्या जुन्या रजिस्टरात मूळ मालक शोधा. तो मालक किंवा त्याचा वारस सही देईल तर गाडी तुमची. नाहीतर ती तुमच्या अंगणातलं कबाड.

चेसिसचा नंबर सापडला, पण शेवटचा आकडा गंजाने खाल्लेला. तीन आहे की आठ, कळेना. इंजिन तर मधे कधीतरी कोणीतरी बदललेलं, त्याचा उपयोग नाही. कोठीवर फिरणाऱ्या एका एजंटाला ही गोष्ट कळली. तो म्हणाला, “बाबूजी, इतना क्या सोचना? कटी हुई गाड़ी की आरसी पड़ी है मेरे पास. उसका नंबर ठोक देंगे इस पर. चार दिन में सड़क पे.”

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. “मेलेल्या गाडीचं नाव हिला लावू? हिचं स्वतःचं नाव असेल ना काहीतरी,” ते नंतर मला म्हणाले. खरं सांगते, तोपर्यंत मी त्यांना साधा, भाबडा माणूस समजत होते. त्या दिवसापासून मला त्यांचा अभिमान वाटायला लागला.

पुढे वर्षभर दोन कामं चालू राहिली. आठवड्यातून एक दिवस ते आरटीओत जायचे आणि रेकॉर्डच्या बाबूशेजारी बसून जाडजूड, हाताने लिहिलेली रजिस्टरं ओळीओळीने वाचायचे. उरलेले दिवस गाडीखाली. ब्रेक, वायरिंग, गाद्या, सगळं स्वतःच्या हाताने. दिवाळीच्या सुमारास गाडी चालू झाली. मला मुद्दाम घरी बोलावलं. काकू पोहे घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “बघा आता गंमत.”

काकांनी गाडी चालू केली, अंगणात सहा फूट पुढे नेली, सहा फूट मागे आणली, आणि बंद केली.

“झालं?” मी विचारलं.

“फाटकाबाहेर रस्ता आहे. रस्त्यावर कागद लागतात.”

रोज सकाळी हाच कार्यक्रम. गल्लीतली पोरंटोरं हसायची, शेजारी म्हणायचे की निदान नानाखेड्यापर्यंत तरी एक चक्कर मारा, कोण विचारतंय? काका फाटक लावून घ्यायचे. काकू सांगायच्या, “माझ्यापेक्षा तिचे लाड जास्त आहेत. फिरवत मात्र दोघींनाही नाहीत.”

रजिस्टरात शेवटी दोन नोंदी सापडल्या. एकीचा शेवटचा आकडा तीन, तिचा मालक रतलामला बदलून गेलेला एक शाळा तपासनीस. दुसरीचा आठ, आणि बाबूने वाचून दाखवलं, “भैरवगढ़, कपड़ा छपाई.” ते ऐकताच काका उठले आणि सायकलवर टांग मारून घरी गेले. डिकी उघडली. तिच्या तळाला काळे आणि लाल डाग होते. वर्षभर पेट्रोलने घासूनही ते निघाले नव्हते आणि काका त्या डागांना शिव्या घालत होते. भैरवगढच्या ठप्प्यांनी छापलेल्या चादरी ज्यांनी वापरल्या आहेत, त्यांना हे दोन रंग वेगळे सांगायला नकोत.

रविवारी आम्ही दोघं रिक्षाने भैरवगढला गेलो. मला चादर घ्यायची होती, असं मी घरी सांगितलं. विचारत विचारत एका छापखान्यात पोचलो. लांब टेबलावर कापड ताणलेलं, दोन कारागीर ठप्पे मारत होते, आणि कोपऱ्यात सत्तरी ओलांडलेले एक चाचा बसले होते. मूळ मालक त्यांचे वडील. काकांनी डिकीतल्या डागांचं सांगितलं तेव्हा चाचा एकदम सरसावून बसले.

“वो गाड़ी ज़िंदा है? अब्बा के इंतक़ाल के बाद गैराज में दी थी. गैराजवाला भी गुज़र गया. हम तो समझे कट गई होगी.”

आतल्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या ठप्प्यांच्या खाली, गाडीच्या विम्याचा एक पिवळा पडलेला कागद त्यांनी जपून ठेवला होता. त्यावर अख्खा चेसिस नंबर. शेवटी आठ. आम्हाला तेवढाच पुरावा हवा होता, आणि वारस म्हणून चाचांची सही. माझ्या पिशवीत शपथपत्राचा मसुदा तयार होता. मी पेन काढलं.

चाचांनी काकांकडे पाहिलं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खांद्यावर फडकं. त्यांनी सहज विचारलं, “साहब साथ नहीं आए?”

आणि काका म्हणाले, “साहब मीटिंग में हैं.”

मी कपाळावर हात मारून घ्यायचं तेवढं बाकी होतं. चाचांनी कागदाची घडी घातली आणि परत पेटीत ठेवली. “तो उनको ले आना. अब्बा की चीज़ है. काग़ज़ मालिक के हाथ में ही दूँगा.”

काका तोंड उघडतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी खांद्यावरचं फडकं सारखं केलं. मी बोलायला गेले तर त्यांनी मला डोळ्यांनी थांबवलं आणि सरळ बाहेर पडले.

रिक्षात मी त्यांना काय काय बोलले, ते आता लिहवत नाही. वर्षभर धूळ खाल्ली, रजिस्टरं वाचली, आणि ऐन वेळी कोणाला साहेब केलंत? ते बाहेर रस्त्याकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, “सवय हो. तोंडातून निघून गेलं.” आणि मग, “आत्ता परत गेलो तर म्हणतील, साहेबाची गाडी हडपायला आलाय. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.”

आठ दिवस ते कोठीवर आले नाहीत. मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, “सकाळी गाडी चालू करत नाहीत. नुसते आत बसतात. मागच्या सीटवर.” मी फोन ठेवला. काम बिघडलं म्हणून चिडणारी मी, आणि तिकडे हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला मालक म्हणायची तालीम करत होता.

पुढच्या रविवारी ते माझ्या दारात उभे. मुलीच्या लग्नातला निळा, चौकटीचा शर्ट, कडक इस्त्रीचा. खांद्यावर फडकं नाही. “चला,” म्हणाले.

चाचा तिथेच, त्याच कोपऱ्यात होते. काका त्यांच्यासमोर उभे राहिले आणि शाळेत कविता म्हणतात तसे एका दमात बोलले, “साहब कोई नहीं हैं. उस दिन झूठ निकल गया मुँह से. चालीस साल दूसरों की गाड़ी चलाई है. ये गाड़ी मैंने ली है. मालिक मैं हूँ.”

ठप्पे मारणारे कारागीर थांबले. चाचांनी शेजारची चटई सरकवली. “बैठो भाई. अब्बा भी बीस साल दूसरों का कपड़ा छापते रहे. जिस साल अपना टेबल डाला, उसके अगले साल ये गाड़ी आई थी. पूरा मोहल्ला देखने आया था.” त्यांनी पेटी उघडली, कागद काढला आणि दोन्ही हातांनी काकांच्या हातात दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मैडम, कहाँ दस्तख़त करना है?”

मी चष्मा पुसत होते. मसुदा सापडायला वेळ लागला.

त्यानंतरचं सगळं नियमाप्रमाणे झालं. गाडी चोरीची नाही, असं ठाण्याचं पत्र आलं. ती आधी चाचांच्या नावावर झाली, मग काकांच्या. आरटीओचा इन्स्पेक्टर घरी येऊन चेसिसवर कागद ठेवून पेन्सिलने नंबर उठवून घेऊन गेला. एका दुपारी टपालाने आरसी आली आणि त्याच संध्याकाळी फाटक उघडलं. काकू आपणहून मागचं दार उघडायला गेल्या तर काका म्हणाले, “पुढे बस.” मागे मी आणि पोह्यांचा डबा. फ्रीगंजमधून टावर चौकापर्यंत गेलो, आणि काकांनी सगळ्या वाटेत एकदाही हॉर्न वाजवला नाही.

मग एक नवाच हट्ट सुरू झाला. कोणीतरी अडवून कागद मागावेत, ही त्यांची इच्छा. शिपाई दिसला की मुद्दाम हळू चालवायचे. “कोणी विचारतच नाही हो,” अशी तक्रार घेऊन माझ्याकडे यायचे. शेवटी एकदा टावर चौकात एका तरुण शिपायाने हात दाखवलाच. काकांनी गाडी बाजूला घेतली, काच खाली केली.

“बढ़िया गाड़ी है, दादा. किसकी है?”

“हमारी,” काका म्हणाले आणि आरसी पुढे केली. शिपायाने ती पाहिलीसुद्धा नाही, त्याला गाडीसोबत फोटो हवा होता. काकांनी आग्रह धरून त्याला ती वाचायला लावली.

तीन वर्षं त्यांनी ती गाडी चालवली. भैरवगढच्या चाचांना दर ईदला घेऊन फिरायचे. गेल्या थंडीत एका सकाळी छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. कोठीवर त्या दिवशी ड्रायव्हर लोकांनी कडुनिंबाखाली गाड्या लावल्या नाहीत, जागा मोकळी ठेवली. मला त्या जागेकडे पाहवेना. मी सगळी वकिली ज्या एका कामासाठी शिकले असं वाटावं, ते काम या माणसाने मला दिलं होतं.

महिन्याभराने त्यांची मुलगी आली. देवासला शाळेत शिकवते. गाडी स्वतः चालवत आली होती. “ताई, बाबा असते तर एक दिवसही दुसऱ्याच्या नावावरची गाडी रस्त्यावर आणू दिली नसती,” ती म्हणाली. “नाव बदलून घ्यायचंय.”

मी शपथपत्र टाइप करायला घेतलं. तिचं नाव, वय, पत्ता. मग वाहन कसं मिळालं, तो मुद्दा आला. असली शपथपत्रं मी महिन्याला दोन-चार तरी करते, वाक्य तयारच असतं. तरी त्या दिवशी ते एकेक अक्षर बघत टाइप केलं. ‘यह वाहन मुझे मेरे पिता से विरासत में प्राप्त हुआ है.’

प्रिंट काढून तिच्यापुढे ठेवला. तिने त्या ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली. पागेपासून निघालेल्या त्या घराण्यात अशी ओळ याआधी कोणासाठीच लिहिली गेली नव्हती.

“ताई,” ती सही करून म्हणाली, “याची एक कॉपी जास्त काढा. आईला वाचून दाखवायचीय.”