शिलाई साबूत होती

"मावशी, ब्लाउज शिवल्यासारखं शिवलंत वाटतं हे."

सर हे माइकवर म्हणाले. रविवारची सकाळ. म्हैसूरबाहेर वरुणा गावाकडचं भात कापून झालेलं शेत, फक्कीनं आखलेली पांढरी रेषा. रेषेमागे शाळेची मुलं, त्यांचे आईबाप, हातात फोन. नुकतंच आमच्या हौशी रॉकेट क्लबचं मोठं रॉकेट उडालं होतं. वर झकास गेलं. खाली येताना पॅराशूट उघडलं नाही. रॉकेट नाकावर आलं आणि बांधाशी रुतलं. ते पॅराशूट मी शिवलेलं होतं.

लोक हसले. दुष्टपणे नाही, माइकवरच्या विनोदाला हसतात तसे. सरांनी मोडकं रॉकेट उपसलं, पॅराशूटचा बोळा माझ्या हातात कोंबला आणि पुन्हा माइकवर सांगितलं, "शिलाई उसवली. बाकी टेक्निकल प्रॉब्लेम काही नाही."

आणि मी म्हणाले, "चुकलं सर. दुरुस्त करून देते."

बोळा उघडूनही बघितला नव्हता.

सरांच्या बोलण्यापेक्षा मला माझ्या त्या शब्दाची जास्त लाज वाटते. पण तो शब्द तोंडात कुठून आला ते ठाऊक आहे. आमचं दुकान शिंप्याचं. आप्पांनी मशीनवर बसवलं तेव्हा पहिला धडा सुईचा नव्हता, गिऱ्हाइकाचा होता. गिऱ्हाईक म्हणालं तंग झालं, तर वाद घालायचा नाही. कपडा हातात घ्यायचा, चुकलं म्हणायचं, तासाभरात करून देते म्हणायचं. मग ते वाढून आलेलं पोट का असेना. वीस वर्षं मी लोकांच्या पोटांसाठी माफी मागते आहे. सवय झाली. जीभ आधी चालते, डोळे मागून.

सर क्लबचे प्रमुख, मूळ पुण्याचे. इथं म्हैसूरात हेब्बाळच्या एका मोठ्या कंपनीत कामाला, राहायला कुवेंपुनगरात. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठेच, तरी मला मावशी म्हणत. क्लबमधले बाकीचे अक्का म्हणत, ते इथल्या रीतीला धरून होतं. त्यांची मावशी म्हणजे भांडी घासायला येणारी. त्या बाईतही कमी काही नाही, पण ज्या सुरात ते हाक मारत तो सूर मला कळत होता. एकदा म्हणाले, "तुमचं हे कानडी मराठी फार गोड आहे हं, बोला ना अजून काहीतरी." आमच्या कितीतरी पिढ्या म्हैसूरच्या. घरात मराठी, दारात कन्नड. त्या दिवसापासून त्यांच्यासमोर मी मोजकंच बोलायला लागले.

क्लबशी माझी ओळख छत्रीच्या कापडामुळे झाली. तीन वर्षांपूर्वी त्यांच्यातलं कोणी ते कापड घेऊन पॅराशूट शिवून घ्यायला दुकानात आलं. आठ पाकळ्या, मधे भोक, कडेला दोऱ्या. शिवून दिलं. उडताना बघायला येऊ का, विचारलं. बसनं गेले. तो पुठ्ठ्याचा लांबोडा सूंऽ करून गेला आणि मी मान वर केली. शिवणाऱ्याची मान कायम खाली असते. वर बघून मान दुखली, आणि ते दुखणं मला आवडलं.

मग मीही बांधायला लागले. कपडे बेतायचा खाकी कागद, मैद्याची खळ, एका पाइपावर थरावर थर गुंडाळून नळी. तीन पंख तंतोतंत सारखे कापणं ही काही माझ्यासाठी मोठी गोष्ट नव्हती, दोन बाह्या रोजच सारख्या कापते. नाकाची टोपी मात्र चार वेळा बिघडली. पाचवी जमली. रंग लाल दिला, अस्तराच्या तुकड्याशी जुळवून.

क्लबमध्ये प्रत्येक रॉकेटचं एक कार्ड असतं. त्यावर बांधणाऱ्याचं नाव. ज्याचं नाव, त्यानंच बटण दाबायचं, हा नियम. तीन वर्षं माझी पॅराशूटं दुसऱ्यांच्या कार्डांवर उडली. त्या रविवारी पहिल्यांदा माझं कार्ड टेबलावर होतं. मोठ्या रॉकेटनंतर माझा नंबर.

माझं 'चुकलं' ऐकल्यावर सरांनी ते कार्ड उचललं, माइक बंद केला आणि म्हणाले, "आज नको मावशी. पालक आलेत. आधी तुमची शिलाई बघू, मग रॉकेट." कार्ड खिशात घातलं. मी मान हलवली. कबुली तर माझीच होती.

दुपारी दुकानात बोळा पिशवीतून काढला. हाताला कडक लागला. छत्रीचं कापड कडक होत नाही. ओढून उघडायला गेले तर पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, कडा काळ्या, वितळून गोळा झालेल्या. शिवणी शोधल्या. आठच्या आठ जागेवर. एक टाका सुटलेला नाही.

काय झालं ते मला तिथंच कळलं. वर पोचल्यावर मोटर, म्हणजे रॉकेटच्या बुडातलं दारूचं नळकांडं, नळीच्या आतूनच एक धक्का मारते, त्यानं टोपी निघते आणि पॅराशूट बाहेर पडतं. तो धक्का गरम असतो, म्हणून पॅराशूटच्या खाली न जळणाऱ्या कागदाचे बोळे भरावे लागतात. ते रॉकेट सरांनी स्वतः भरलं होतं, पालकांशी गप्पा मारत. बोळे भरायचे राहिले. कापड शिजलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशानं स्वतःच पुढे येऊन मान दिली.

आप्पा शेजारच्या मशीनवर काज करत होते. त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि बोटं शिवणीवरून फिरवली. नजरेपेक्षा त्यांचा बोटांवर जास्त भरवसा.

"शिलाई साबूत आहे," म्हणाले. "मत्ते सुम्मने चुकलं का म्हटलीस गे?"

उगीच का म्हणालीस, हे ते मला विचारत होते.

"तुम्हीच शिकवलंत आप्पा."

त्यांनी चष्मा खाली घेतला, काजाकडे वळले. पण मशीन बराच वेळ सुरू झालं नाही. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. त्यांनी तर माझ्या दुप्पट वर्षं माफी मागितली होती.

पुढच्या रविवारी ते कापड आणि माझं रॉकेट घेऊन मी शेतावर गेले. पुन्हा शाळा, पुन्हा पालक, पुन्हा माइक. मी सरांसमोर टेबलावर पॅराशूट पसरलं. म्हणाले, "शिवण बघा सर. आणि ही कड बघा."

त्यांनी बघितलं. हुशार माणूस, एका नजरेत कळलं. मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बोळे राहिले असतील. होतं कधीकधी. आता ते सगळ्यांसमोर कशाला काढायचं? तुमचं रॉकेट आज पहिलं लावू. बटण तुम्हीच दाबा." खिशातून माझं कार्ड काढून पुढे केलं. आठवडाभर त्यांच्याकडे राहून त्याची घडी पडली होती.

मला ते कार्ड हवं होतं. खोटं कशाला सांगू. लाल रॉकेट माझ्या काखेत होतं, आभाळ मोकळं होतं, वारा पडलेला होता. कार्ड घेऊन गप्प बसले असते तर पाच मिनिटांत ते वर गेलं असतं.

"माइकवर म्हणालात ना सर," मी म्हणाले, "माइकवरच सांगा."

"मावशी, एवढ्याशा गोष्टीचं..."

"मी तुमची मावशी नव्हे. आणि आमची शिलाई उसवली नव्हती, एवढंच सांगायचं. एकच वाक्य."

ते हसले. इकडेतिकडे बघितलं. माइक हातात होता, त्यांनी तो तोंडाजवळ नेला, आणि मुलांना रेषेच्या मागे सरकायला सांगितलं.

मी कार्ड न घेताच निघाले. क्लबमधली एक इंजिनिअर मुलगी माझ्या मागे बांधापर्यंत आली. "बिडी अक्का," म्हणाली, सोडून द्या. चांगली मुलगी. मी तिला म्हटलं, आजपर्यंत सोडतच आले. बस यायला वेळ होता. मागे रॉकेट सुटल्याचा आवाज झाला. मी मान वर केली नाही.

या गोष्टीला सहा महिने झाले. लाल रॉकेट दुकानात, दोऱ्याच्या रिळांच्या फळीवर उभं आहे. मोटर क्लबमार्फतच मिळते, त्यामुळे ते उडालेलं नाही. रोज त्यावरची धूळ पुसते आणि रोज वाईट वाटतं. मी दमले आहे. भांडून नव्हे, इतकी वर्षं न भांडून.

क्लबकडून दोनदा निरोप आला, पॅराशूटं हवीत म्हणून. दोन्ही वेळा एकच उत्तर धाडलं. जे माइकवर बोललात ते माइकवर मागे घ्या. तोवर या मशीनवर तुमच्यासाठी एक टाका पडणार नाही.

काल एक बाई कुडता घेऊन आली. तंग झाला म्हणाली. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी कुडता हातात घेतला, उलटा केला, टेप लावली, वहीतलं माप काढलं. बाई ताटकळली, चिडली. आमचं माप बरोबर होतं. तसं सांगितलं. माझी चूक असेल तर मी कबूल करीन, पण आधी कपडा उलटा करून बघीन. न बघता पुन्हा 'चुकलं' म्हणणार नाही. कुणालाच नाही.