उन्हात रंग पाहणारी मामी

मोठी मामी ट्यूबलाइटखाली कधीच रंग जुळवत नसे. जरीपटका भागातल्या तिच्या मॅचिंग सेंटरमध्ये बाई आली, की साडी आणि ब्लाउजपीस घेऊन मामी सरळ रस्त्यावर. "दिव्याखाली कापड खोटं बोलते. उन्हात चाल वं!" मग ते मे महिन्यातलं ऊन का असेना.

धाकट्या मामाची नोकरी सुटली तेव्हा मामीने आपल्या जावेला, नंदामामीला, दुकानात आणलं. मोरपंखी रंग कुठे संपतो आणि रामा हिरवा कुठे सुरू होतो, हे शेजारी बसवून शिकवलं. "माह्यामागं दुकान तुलेच पाहाचं आहे," म्हणायची.

मग तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. झगा एकच, कुणाला निळा-काळा दिसे, कुणाला पांढरा-सोनेरी. दुकानातही पैजा लागल्या. मामी म्हणाली, "पांढरा न् सोनेरीच तर आहे." नंदामामी म्हणाली, "निळा-काळा आहे, ताई." झगा खरंच निळा-काळा निघाला. बाया हसल्या, मामीही हसली.

त्यानंतर गिऱ्हाइकं मामीला टाळून नंदामामीपुढे साड्या उलगडू लागली. शेवटी एका जुन्या बाईने मला हळूच विचारलं, "तुह्या मामीले रंग दिसत नाही म्हणते ना? नंदाच सांगत होती."

मी तडक नंदामामीला गाठलं. त्या फोटोत उजेड कसला आहे हेच कळत नाही, म्हणून मेंदू अंदाज करतो, असं तिला समजावलं. झगा सावलीत आहे असं धरलं, की मेंदू निळी झाक वजा करतो आणि झगा पांढरा दिसतो. पिवळ्या उजेडात आहे असं धरलं, की निळा. यात डोळ्यांचा दोष नाही.

"मले माहीत आहे," कापडाची घडी घालत ती म्हणाली. "मीही वाचलं. पण गिऱ्हाइकाले कोण समजावत बसन?"

पुढे तिने मागच्या गल्लीत स्वतःचं दुकान टाकलं. मामीने रामदासपेठेत जाऊन डोळे तपासून घेतले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला म्हणाली, "डॉक्टर म्हणते, डोळे चांगले आहे. मंग मले नंदा काहून दिसली नाही?"

तरी स्वतःच्या लेकीच्या लग्नाचा शालू निवडायला सोबत चला म्हणत नंदामामी आली ती मोठ्या मामीकडेच. मामी तिच्यासोबत गेली, शालू निवडून दिला. लग्नात जो तो शालूचं कौतुक करत होता. "मीच निवडला," नंदामामी सांगत होती. मी ताडकन उठले. मामीने मला हाताला धरून खाली बसवलं.

"राहू दे वं. पोरीले शोभून राहिला ना?"

मामी आता नाही. नंदामामीचं दुकान जोरात चालतं. मी त्या गल्लीत पाऊल टाकत नाही.